ऐनवेळी शिट्टी फुसकी निघते, त्याचं काय करायचं?

"सर, शिट्टी गेली."

स्पर्धांचा मोसम लागला की ठाण्यात, कळव्यात, वाशीत, कुठल्याही मैदानाच्या कडेला हे ऐकू येतं. पंच नवा असो की मुरलेला, तक्रार याच दोन शब्दांत होते आणि उपायही ठरलेला असतो: याच्यापेक्षा मोठ्या आवाजाची घे. मग कुणीतरी धोबीतलावला जाऊन महागातली शिट्टी आणतो. ती काही सामने झकास वाजते आणि ऐन उपांत्य फेरीत पुन्हा तोच प्रकार.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. शिट्टी बदलून सुटणारी दुखणी थोडीच असतात. बरीचशी दुखणी फुंकेत असतात, काही मैदानात असतात, आणि शिट्टीत असली तरी पुष्कळदा धुऊन जातात. म्हणून पाकीट उघडण्याआधी नेमकं काय झालं ते आठवा. फुंक मारली आणि नुसती हवा गेली? आवाज आला पण लिबलिबीत, उशिरा आला? की आवाज खणखणीत आला आणि तरीही पोरं खेळतच राहिली? या तीन तक्रारींची औषधं तीन वेगळी आहेत.

छडा लावायची सोपी रीत म्हणजे खिशात दुसरी शिट्टी ठेवणं. तोंड तुमचंच, फुंक तीच, शिट्टी फक्त बदला. दुसरीही फुसकी निघाली तर दोष शिट्टीचा नाही. सहकारी पंचाची शिट्टी घेऊन हा प्रयोग करायचा नाही, आणि त्याने मागितली तर आपलीही द्यायची नाही. दात घासायचा ब्रश आपण कुणाला देत नाही, तसंच हे.

आता पहिली तक्रार. फुंक मारली, आवाजच नाही.

शिट्टी दाण्याची असेल तर नव्वद टक्के संशय दाण्यावर घ्या. दाण्याची म्हणजे जिच्या पोटात कॉर्कची किंवा प्लास्टिकची गोळी फिरते ती. बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसन यांच्या कारखान्याने १८८० च्या दशकात 'थंडरर' नावाने काढलेली घडण हीच, आणि शाळेच्या पीटीच्या सरांच्या गळ्यात आजही बहुधा तीच असते. फुंकलेली हवा एका अरुंद फटीतून पट्टीसारखी बाहेर येते, समोरच्या धारेवर आपटते आणि थरथरते. त्या थरथरीतून आवाज होतो. पोटातला दाणा गरगर फिरताना ती फट क्षणभर झाकतो, क्षणभर उघडतो. तो ओळखीचा 'टर्रर्र' येतो तो त्यामुळे.

आता हा दाणा फिरायचा थांबला तर? तो फटीच्या तोंडाशी अडकला तर हवेला वाटच उरत नाही. असं होण्याची कारणं तीन, आणि आपल्याकडे तिन्ही एकाच दिवशी जमतात. पहिलं म्हणजे ओल. कॉर्क पाणी धरतो, फुगतो. जुलैतल्या नेरूळच्या मैदानावर पाऊस आणि थुंकी दोन्ही मिळाली की दुपारपर्यंत दाणा जड होतो. दुसरं म्हणजे धूळ. मातीच्या कबड्डी मैदानावर काम करणाऱ्या कुणाचीही दाण्याची शिट्टी घ्या आणि मोबाइलच्या टॉर्चने तिच्या खाचेतून आत बघा. कॉर्कच्या बारीक बारीक छिद्रांत फक्की जाऊन बसलेली दिसेल, थुंकीने कालवली जाऊन सिमेंटसारखी घट्ट झालेली. दाणा एका अंगाने पांढरा, दुसऱ्या अंगाने तपकिरी. असा एकांगी जड झालेला दाणा फिरत नाही, लडबडतो. आवाज फाटतो तो इथेच.

तिसरं कारण गमतीचं आहे, कारण ते आपण स्वतः करतो. फार जोरात फुंकलं तर हवेच्या दाबाने दाणा वर चिकटून बसतो आणि शिट्टी मुकी होते. चूक गंभीर, प्रेक्षक खवळलेले, पंचही तावात, म्हणून तो जीव काढून फुंकतो, आणि नेमकी तेव्हाच शिट्टी बसते. एरवी वाजणारी शिट्टी ऐनवेळीच का दगा देते याचं उत्तर हे आहे. तिला वेळ कळत नाही. तुमचा दाब तेवढा वाढलेला असतो.

रॉन फॉक्सक्रॉफ्ट या कॅनडाच्या बास्केटबॉल पंचाचंही दाण्याच्या शिट्टीशी याच कारणावरून वाजलं. हे साधेसुधे पंच नव्हते, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या अंतिम सामन्याला ते उभे होते. भरलेल्या प्रेक्षागारात दाणा अडकून शिट्टी न वाजण्याचा अनुभव घेतल्यावर त्यांनी चक शेफर्ड या रचनाकाराला हाताशी धरून बिनदाण्याची शिट्टी तयार करून घेतली. १९८७ मध्ये इंडियानापोलिसच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत ती मैदानात आली. तीच 'फॉक्स ४०'. हिच्यात हलणारा भाग एकही नाही. वेगवेगळ्या मापाचे तीन कप्पे एकाच वेळी वाजतात, त्यांचे सूर किंचित वेगळे असतात, ते एकमेकांवर आदळून कानाला टोचणारा आवाज होतो. कितीही जोरात फुंका, अडकायला आत काही नाही. आत पाणी शिरलं तरी पहिल्या फुंकेलाच ते बाहेर उडतं.

तर दाण्याची शिट्टी टाकून द्यायची का? पावसाळी फुटबॉलसाठी हो, मी तरी सांगेन की ती घरी ठेवा. मॅटवरच्या कबड्डीला, शाळेच्या कवायतीला ती चालते, पण तिला धुवायला हवं. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, पाचेक मिनिटं भिजवणं, मग नळाच्या धारेखाली धरून हलवणं आणि सावलीत पालथी ठेवून रात्रभर वाळवणं. उकळू नका, कॉर्क फुगतो आणि स्वस्त प्लास्टिक वाकतं. टाचणी घालून दाणा कोरण्याचा मोह होतो, तोही आवरा. कॉर्कचा कपचा उडाला की तो दाणा कामातून गेला.

बिनदाण्याची असूनही आवाज येत नसेल तर दोन गोष्टी बघा. एक, तुमची बोटं. या शिट्ट्यांना वरून आणि बाजूंनी खाचा असतात आणि आवाज तिथूनच बाहेर पडतो. हातात धरून वाजवणारे पुष्कळ जण घाईत अंगठा नेमका खाचेवर ठेवतात. शिट्टी ओठांत फार आत घेतली तर ओठच खाच झाकतो. दोन, शिट्टी खरी आहे का. नावाजलेल्या शिट्टीची नक्कल बाजारात रग्गड मिळते आणि रंगावरून, ठशावरून फरक कळत नाही. फटीच्या कडेवरून नख फिरवा. चांगल्या शिट्टीत ती धार सरळ आणि गुळगुळीत लागते. नकलेत साच्याचे दोन भाग जुळतात तिथे प्लास्टिकचा केसाएवढा कंगोरा राहिलेला असतो. तेवढा कंगोरा हवेच्या पट्टीची दिशा चुकवायला पुरतो. मग तीन कप्प्यांपैकी एखादा वाजतच नाही आणि आवाज पोकळ येतो. उजेडाकडे धरून बघितलं तर फट एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला चिंचोळी दिसते. अशा शिट्टीला इलाज नाही, ती भाच्याला खेळायला द्या.

दुसरी तक्रार, आवाज उशिरा आणि लिबलिबीत येतो. इथे मात्र शिट्टीला बोल लावू नका.

नवे पंच शिट्टी फुगा फुगवल्यासारखी वाजवतात. गाल फुगतात, हवा हळूहळू चढते, आवाज 'फूऽऽ' करत सुरू होऊन मग शिट्टीचा होतो. तोवर चेंडू पुढे गेलेला असतो. हवा आधी अडवायची असते आणि मग एकदम सोडायची. जिभेचं टोक शिट्टीच्या तोंडाशी टेकवा, पोटाने हवा दाबा, आणि 'ट' म्हणतो तशी जीभ झटकन मागे घ्या. आवाज पहिल्या क्षणापासून पूर्ण येतो. थांबवतानाही तसंच, श्वास संपायची वाट बघायची नाही, जीभ परत टेकवायची. सुरुवात आणि शेवट दोन्ही चाकूने कापल्यासारखे आले की लहान शिट्टीलाही वजन येतं. गाल आत राहिले पाहिजेत, ओठांची पकड घट्ट हवी. ओठांच्या कोपऱ्यातून हवा सुटत असेल तर रबरी तोंडाची शिट्टी घ्या किंवा रबरी टोपण बसवा. दाताखाली पकडायला बरं पडतं आणि दातही झिजत नाहीत.

दम हाही प्रश्न आहेच. फुटबॉलमध्ये पळता पळता शिट्टी तोंडात धरणारे पंच दिसतात. धाप लागलेली असताना बाहेर पडणारा श्वास शिट्टीतून जातो आणि नको तेव्हा बारीकसा 'पी' निघतो. बचावपटू थांबतो, आक्रमक गोल करतो आणि पुढचा अर्धा तास तुमची शोभा होते. शिवाय चेंडू तोंडावर बसला तर दात शिट्टीवर आपटतात. फुटबॉलला शिट्टी हातात, बोटांत अडकवायच्या कडीसकट बरी. हातातून ओठापर्यंत जायला जो क्षण लागतो त्यात लाभ द्यायचा (म्हणजे ज्याच्याविरुद्ध चूक झाली त्या संघाच्या फायद्यासाठी खेळ चालू ठेवायचा) का थांबवायचं हे ठरतं, हा वरचा फायदा. बास्केटबॉलमध्ये उलट; तिथे चूक होते त्याच क्षणी घड्याळ थांबायला हवं, म्हणून ते लोक तोंडात धरतात आणि नाकाने श्वास घ्यायची सवय करतात.

या फुंकेचा सराव घरी करू नका. सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या नावाने मेसेज फिरेल. सामन्याआधी लवकर जाऊन मोकळ्या मैदानावर दहा छोट्या, पाच लांब वाजवल्या की पुरे.

आता तिसरी तक्रार, आणि नवी मुंबईत व घोडबंदर रोडच्या पट्ट्यात खरी डोकेदुखी हीच: शिट्टी वाजते, लांबवर ऐकूही जाते, पण खेळाडू थांबत नाहीत.

टीव्हीवर दिसतो तो सामना वेगळा. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०२२ साली १७ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला; तिथे शेजारच्या जाळीपलीकडे दुसरा सामना चालू नव्हता. आपल्याकडे एका टर्फवर जाळी टाकून दोन-तीन सामने एकदम चालतात, पलीकडे बॉक्स क्रिकेट चालतं, आणि फाटकाशी पार्किंगचा वॉचमन गाडी मागे घेणाऱ्याला शिट्टीवर शिट्टी मारत असतो. त्या मुलांच्या कानांवर तासाभरात इतक्या शिट्ट्या आदळतात की कान त्यांना गाळूनच टाकतात. अशा ठिकाणी आणखी मोठी शिट्टी आणली की शेजारचा पंचही आणतो. शर्यत लागते, निष्पन्न काही होत नाही.

उपाय आवाज बदलण्याचा आहे, वाढवण्याचा नाही. वॉचमनची आणि वाहतूक पोलिसाची शिट्टी बहुधा दाण्याची, टर्रर्र करणारी. तुम्ही बिनदाण्याची घ्या. शेजारच्या मैदानावरचा पंच बिनदाण्याची वापरत असेल तर तुम्ही वेगळ्या सुराची घ्या. एकाच कंपनीच्या दोन प्रकारांत सुराचा फरक ठळक असतो. स्पर्धेच्या आयोजकांना सांगून मैदान एकला एक प्रकार, मैदान दोनला दुसरा असं आधीच वाटून घेतलं तर उत्तम. नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांसमोर एकदा वाजवून दाखवा: "ही आपली. हिच्यावरच थांबायचं." दहा सेकंदांचं काम आहे आणि त्याने अर्धी भांडणं वाचतात.

तरीही शेजारच्या शिट्टीने घोळ होतोच. फुटबॉलच्या नियमांत याची सोय आहे. बाहेरच्या कुणाच्या शिट्टीमुळे खेळावर परिणाम झाला, समजा बचावपटूने खेळ थांबला असं समजून चेंडू हातात उचलला, तर पंचाने खेळ थांबवून ड्रॉप बॉलने, म्हणजे स्वतः चेंडू जमिनीवर सोडून, पुन्हा सुरू करायचा. हँडबॉल देऊन पेनल्टी दाखवायची नाही. टर्फवरच्या स्पर्धांत हे माहीत नसल्यामुळे किती गोंधळ होतो ते विचारू नका.

व्हॉलीबॉलला हा त्रास आणखी नाजूक. सर्व्हिसची शिट्टी झाल्यावर आठ सेकंदांत चेंडू मारायचा असतो. शेजारच्या कोर्टची शिट्टी ऐकून मुलगा आधीच मारून मोकळा होतो. म्हणून तिथे शिट्टीबरोबर हाताची खूण ठळक करा आणि खेळाडूंना पंचाकडे बघून सर्व्हिस करायची सवय लावा.

पत्र्याच्या शेडमध्ये, बहुउद्देशीय हॉलमध्ये घुमतं. दोन छोट्या शिट्ट्या मारल्या तर त्यांचा एकच गोळा होऊन कानावर येतो. तिथे एकच मारा, हात वर करा आणि थांबा. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं, सगळे हाकेच्या अंतरावर. तिथे आवाजाची ताकद फारशी लागतच नाही. चढाईच्या ३० सेकंदांत झटापट होते, सहा जण एकाला दाबून बसलेले असतात आणि शिट्टी उशिरा आली तर कुणाचा तरी गुडघा जातो. आवाज चटकन सुरू होणं तिथे महत्त्वाचं, म्हणजे पुन्हा जिभेचं काम.

मोठ्या मैदानावर लांबच्या टोकाला ऐकू जात नाही, अशी कुणाची तक्रार असेल तर जरा हिशेब करू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. शिट्टीपासून एक मीटरवर ११० डेसिबल धरले तर ६४ मीटरवर ७४ च्या आसपास उरतात, आणि ३२ मीटरवर ८०. म्हणजे पाच डेसिबल जास्त आवाजाच्या शिट्टीने जे मिळत नाही ते घटनेच्या निम्म्या अंतरावर पोहोचलेला पंच फुकटात मिळवतो. पळा. शिट्टीपेक्षा बूट महत्त्वाचे.

आणि कमी वाजवा. फुटबॉलमध्ये सरळ सरळ बाहेर गेलेल्या थ्रो-इनला, कॉर्नरला, गोलकिकला, स्वच्छ गोललाही शिट्टीची गरज नाही. सामना सुरू करायला, गोलनंतर मध्यावरून सुरू करायला, फ्रीकिक किंवा पेनल्टीसाठी थांबवायला, पेनल्टी घ्यायला, कार्ड, दुखापत किंवा बदली खेळाडूनंतर पुन्हा सुरू करायला मात्र हवीच. शालेय सामन्यांत मी पाहतो, दर थ्रो-इनला शिट्टी. मग खऱ्या फाउलला पोरं ढिम्म. साध्या फाउलला आखूड, धोकादायक फाउलला लांब आणि कडक, एवढा फरक ठेवला तरी खेळाडूंना वाजण्यावरूनच कळतं की आता कार्ड निघणार.

आवाज वाढवायला माझा विरोध असण्याचं आणखी एक कारण कान. ६४ मीटरवरचा खेळाडू ७४ डेसिबल ऐकतो, पण तुमचा कान शिट्टीपासून वीतभर अंतरावर. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबल आवाज दिवसाला जास्तीत जास्त आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशेबाने ११५ डेसिबलला जेमतेम अर्धं मिनिट. चार सामने, प्रत्येकात चाळीस शिट्ट्या, प्रत्येक अर्ध्या सेकंदाची धरली तर ऐंशी सेकंद होतात. संध्याकाळी कानात 'कूंऽ' वाजत असेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. बंद हॉलमध्ये तर मध्यम आवाजाचीच वापरा, आणि दिवसभराची ड्युटी असेल तर मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे कानात घाला. माणसांचं बोलणं तरीही ऐकू येतं.

दोरीबद्दल दोनच शब्द. गळ्यात अडकवायची असेल तर ओढ बसली की सुटणारी क्लिप असलेलीच घ्या, साधी नाडी नको. झटापटीत कुणाचा हात त्यात अडकला तर गळ्याला फास बसतो. घामाने दोरी कुजकट वास मारते, तीही शिट्टीबरोबर धुवा.

ज्यांना दमा आहे, पुढचे दात पडलेत किंवा कवळी आहे त्यांच्यासाठी बटण दाबायची इलेक्ट्रॉनिक शिट्टी मिळते. कोविडनंतर ती बऱ्याच ठिकाणी दिसू लागली. आवाज दरवेळी सारखाच येतो, फुंकेचा प्रश्नच मिटतो. मात्र लांब-आखूड करून राग दाखवायला तिच्यात फारशी जागा नाही, आणि पावसात तिच्यावर विसंबू नका.

खरेदीला गेलात तर दुकानदार तोंडाला लावून बघू देणार नाही, देऊही नये. नखाने धार तपासा, फट उजेडाला धरा, खाचा कुठे आहेत ते बघून आपली बोटं कुठे बसतील याचा अंदाज घ्या. एकाच वेळी दोन घ्या, दोन वेगळ्या सुरांच्या. आणि नवी शिट्टी अंतिम सामन्याच्या सकाळी पाकिटातून काढायची नाही. आधी चौदा वर्षांखालच्या पोरांच्या दोन-चार मॅचना वापरा; कुठवर फुंकली की आवाज फाटतो, ते तिथे कळतं.